म्हातारपणाची सरकती रेघ

एका संध्याकाळी माझ्या भाचीने मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये स्वतःचा फोटो टाकला आणि बटण दाबून त्यातले वय पन्नास वर्षांनी वाढवले. ती २३ वर्षांची आहे. पडद्यावर गाल ओघळले, डोळ्यांखाली पिशव्या आल्या, केस विरळ होऊन पांढरे झाले, आणि तिने जेमतेम दोन सेकंद पाहून "शी!" म्हणत तो फोटो पुसून टाकला. मग तिने तोच प्रयोग तिच्या आईवर, म्हणजे माझ्या ताईवर केला. ५२ वर्षांच्या ताईला चष्मा सापडेना, म्हणून तिने फोन हातभर लांब धरून त्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "अगं, ही तर थेट आई!" राहता राहिली आमची ७८ वर्षांची आई. तिच्या फोटोत ॲपला बदलण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. तिने तो पाहून न पाहिल्यासारखा केला आणि नातीला विचारले, "यात उलटे जाता येत नाही का?"

तेवीस वर्षांच्या मुलीला तो चेहरा परक्या बाईचा वाटला, ताईला तो ओळखीचा वाटला, आणि जिच्या बाबतीत तो चेहरा वस्तुस्थितीच होता, त्या आईला त्यात काही रस नव्हता. वय वाढण्याविषयी निरनिराळ्या पिढ्यांना काय वाटते, याचे ढोबळ उत्तर या तीन प्रतिक्रियांत आहे. मात्र तसे का वाटते हे समजून घ्यायचे तर थोडे खोलात जावे लागते, कारण गेल्या पन्नास-साठ वर्षांत या विषयावर झालेले संशोधन आपल्या बऱ्याच समजुतींना छेद देणारे आहे.

सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करू. साधारण माणूस म्हातारा कधी होतो? अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत जवळपास ३,००० प्रौढांना हा प्रश्न विचारला होता. तिशीच्या आतील लोकांच्या उत्तरांची सरासरी ६० वर्षे आली. मध्यमवयीन लोकांनी ती सत्तरीच्या जवळपास नेली, तर ६५ वर्षे पूर्ण केलेल्यांनी म्हातारपणाची सुरुवात ७४ व्या वर्षी होते असे सांगितले. त्याहून गमतीचा भाग पुढे आहे. वयाची पंचाहत्तरी ओलांडलेल्यांपैकी केवळ ३५ टक्के लोकांनी आपल्याला म्हातारे झाल्यासारखे वाटते, असे कबूल केले. इतरांसाठी आखलेली रेघ स्वतः ओलांडल्यावरही त्यांतील बहुतेकांना आपण अजून अलीकडेच आहोत असे वाटत होते.

या आकड्यांवरून लगेच निष्कर्ष काढता येत नाही, कारण त्यांत तीन वेगळ्या गोष्टींचा गुंता झालेला असतो. पहिली गोष्ट म्हणजे वय: माणूस सत्तर वर्षांचा झाला म्हणून त्याला जे वाटते ते. दुसरी पिढी: तो विशिष्ट काळात जन्मला, विशिष्ट परिस्थितीत वाढला म्हणून त्याला आयुष्यभर जे वाटत राहते ते. तिसरी म्हणजे चालू काळ: एखादी महामारी, मंदी किंवा नवे तंत्रज्ञान यांमुळे सर्व वयांच्या लोकांना एकाच वेळी जे वाटू लागते ते. आज २५ वर्षांच्या आणि ७० वर्षांच्या माणसाला तुम्ही एकच प्रश्न विचारलात आणि उत्तरे वेगळी आली, तर तो फरक पंचेचाळीस वर्षे जास्त जगण्याचा आहे की वेगळ्या जगात जन्मल्याचा, हे त्या एका पाहणीतून कळू शकत नाही. अडचण चक्क अंकगणितातली आहे. जन्मसालात वय मिळवले की चालू साल येते. यांपैकी कोणतेही दोन आकडे ठरले की तिसरा आपोआप ठरतो, त्यामुळे दोन स्थिर ठेवून तिसरा तेवढा हलवून पाहण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही.

हा गुंता सोडवला नाही तर किती मोठी चूक होते, हे बुद्धीच्या बाबतीत दिसून आले. मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाई यांनी १९५६ साली अमेरिकेतील सिएटल येथे वेगवेगळ्या वयांच्या प्रौढांच्या बौद्धिक क्षमतेच्या चाचण्या घेतल्या. वयस्क मंडळी तरुणांपेक्षा बरीच मागे पडली आणि त्यावरून बुद्धीची उतरण तारुण्यातच सुरू होते असे म्हणता आले असते. परंतु शाई तेथे थांबले नाहीत. त्यांनी त्याच माणसांना दर सात वर्षांनी पुन्हा बोलावले, आणि प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्या जुन्या गुणांशी केली, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. बहुतेक क्षमता साधारण साठीपर्यंत टिकून होत्या, काही तर मधल्या वयात वाढल्या होत्या, आणि लक्षणीय घट त्यानंतर, तीही प्रत्येकात वेगवेगळ्या वेगाने, सुरू होत होती. आधीच्या तुलनेत दिसलेल्या फरकाचा मोठा भाग नंतरच्या पिढ्यांना मिळालेल्या जास्त शालेय शिक्षणाचा आणि बऱ्या राहणीमानाचा होता. तो वयाच्या खात्यावर चुकून मांडला गेला होता. "साठी बुद्धी नाठी" ही म्हण रचणाऱ्यांनीही बहुधा शेजारच्या म्हाताऱ्याची तुलना घरातल्या तरुणाशीच केली असावी.

भावनांच्या बाबतीतही हीच दक्षता घ्यावी लागते. म्हातारपण कधी लागते हा प्रश्न जर्मनीतील एका दीर्घ सर्वेक्षणात १९९६ ते २०२१ या पंचवीस वर्षांत त्याच लोकांना पुन्हा पुन्हा विचारला गेला. १९११ ते १९७४ या काळात जन्मलेल्या १४,०५६ जणांची उत्तरे तपासणारा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात पिढीचा परिणाम स्पष्ट दिसतो: अभ्यासाच्या अंदाजानुसार १९११ मध्ये जन्मलेल्यांच्या लेखी वयाच्या पासष्टीत म्हातारपणाची सुरुवात ७१ व्या वर्षी होती, तर १९५६ मध्ये जन्मलेल्यांच्या लेखी त्याच पासष्टीत ती ७४ व्या वर्षी होती. वयाचा परिणामही तितकाच स्पष्ट आहे: एकच माणूस चार-पाच वर्षांनी मोठा झाला की त्याची म्हातारपणाची रेघ साधारण एका वर्षाने पुढे सरकते. स्त्रियांनी ही रेघ पुरुषांपेक्षा सुमारे दोन वर्षे पुढे आखली. ज्यांना एकटे वाटत होते किंवा ज्यांची प्रकृती ठीक नव्हती, त्यांना ती अलीकडे दिसत होती. यातले साधे गणित मला महत्त्वाचे वाटते. चार-पाच वर्षे चालल्यावर रेघ एकाच वर्षाने पुढे जात असेल, तर माणूस तिला कधी ना कधी गाठणारच. पण वाटेत बराच काळ ती आपल्या पुढेच आहे, असे त्याला वाटत राहणार.

पिढ्यागणिक ही रेघ पुढे जाण्याचे एक कारण उघड आहे. १९५० साली जगभरातील सरासरी आयुर्मान सुमारे ४६ वर्षे होते, आज ते सुमारे ७३ वर्षे आहे. यातला मोठा वाटा बालमृत्यू घटल्याचा आहे, म्हणजे पूर्वी सगळेच लोक चाळिशीत मरत होते असे नव्हे; तरीही साठीनंतरची वर्षे संख्येने आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत गुणवत्तेनेही वाढली आहेत. आपल्या मनातला म्हातारपणाचा आकडा मात्र शरीराकडे पाहून ठरलेला नाही. जर्मनीत १८८९ साली बिस्मार्कच्या सरकारने वृद्धांसाठी निवृत्तिवेतनाचा कायदा केला तेव्हा त्यासाठी वयाची अट ७० वर्षांची होती, आणि १९१६ मध्ये ती ६५ वर आणली गेली. पुढे अनेक देशांनी आपापल्या सोयीने असेच आकडे निवडले. सरकारी खजिन्याला काय परवडते, यावरून ठरलेली एक तारीख अशा रीतीने आपल्या मनात निसर्गनियम होऊन बसली.

दुसरे कारण तितके निरुपद्रवी नाही, पण त्याआधी वय आतून कसे जाणवते ते पाहू. डेव्हिड रुबिन आणि डॉर्ते बर्नट्सन यांनी २००६ साली डेन्मार्कमधील प्रौढांना विचारले की, तुम्हाला मनातून स्वतःचे वय किती वाटते? पंचविशीच्या आतील लोकांना आपण खऱ्या वयापेक्षा थोडे मोठे आहोत असे वाटत होते. पंचविशीनंतर हे उलटते, आणि चाळिशीनंतर लोकांना सरासरीने आपण खऱ्या वयापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी लहान आहोत असे वाटते. पन्नाशीचा माणूस मनाने चाळिशीत असतो, सत्तरीचा छप्पन्नच्या आसपास. इतर देशांतील अनेक पाहण्यांतही हाच कल दिसला आहे. हा ढोंगीपणा आहे, असे मला वाटत नाही. आपल्याला आपले वय आतून जाणवतच नाही. जो 'मी' विशीत विचार करत होता तोच आजही करतो आहे, असा आपला अनुभव असतो, आणि वय झाल्याची बातमी बाहेरून, अधूनमधून, धक्क्यांनी येते.

जवळचे वाचायच्या चष्म्याला आपण 'चाळिशी' म्हणतो, हे या दृष्टीने फार नेमके आहे. डोळ्यातले भिंग लहानपणापासूनच कणाकणाने ताठर होत असते आणि जवळच्या वस्तूवर नजर स्थिरावण्याची त्याची ताकद दरवर्षी थोडीथोडी कमी होत असते. तीस-पस्तीस वर्षे आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही, कारण शिल्लक भरपूर असते. मग कधीतरी बेचाळीस-पंचेचाळीसच्या सुमारास औषधाच्या बाटलीवरची अक्षरे वाचायला हात पुरत नाही, आणि त्या दिवशी माणसाला 'एकदम' वय झाल्यासारखे वाटते. बसमध्ये कोणी पहिल्यांदा उठून जागा देते, रस्त्यात कोणी पहिल्यांदा 'काका' म्हणून हाक मारते, जुन्या वर्गमित्राला आपण ओळखत नाही आणि तोही आपल्याला ओळखत नाही, ही सगळी त्याच जातीची उदाहरणे आहेत. बदल हळूहळू झालेला असतो. जाणीव तेवढी हप्त्याहप्त्याने येते.

आता तरुणांकडे वळू. माझ्या भाचीच्या "शी!"मध्ये चेहऱ्याची भीती होती हे खरे, पण त्याखाली आणखी काही आहे. हॅल हर्शफील्ड या संशोधकाने दाखवले आहे की, पुष्कळ लोक दहा वर्षांनंतरच्या स्वतःचा विचार करतात तेव्हा मेंदूतील क्रिया, आजच्या स्वतःचा विचार करताना असते तशी नसून, एखाद्या परक्या माणसाचा विचार करताना असते तिच्याशी जास्त मिळतीजुळती असते. परक्यासाठी कोणी पैसे साठवत नाही, व्यायाम करत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगांत तरुणांना आभासी आरशात स्वतःचा म्हातारा झालेला चेहरा दाखवला गेला, आणि असा चेहरा पाहिलेल्यांनी निवृत्तीसाठी जास्त रक्कम बाजूला ठेवण्याची तयारी दाखवली. भाचीने दोन सेकंदांत पुसून टाकलेला फोटो तिने आणखी थोडा वेळ पाहिला असता तर काय झाले असते, असा विचार माझ्या मनात येऊन गेला, पण मामाने तो बोलून दाखवू नये एवढी समज मला आहे.

तरुणांच्या बोलण्यात मला जे सर्वांत जास्त ऐकू येते ते मात्र सुरकुत्यांविषयी नसते, ते वेळापत्रकाविषयी असते. शिक्षण अमुक वयापर्यंत, नोकरी अमुक, लग्न अमुक, घर अमुक, मूल अमुक. समाजशास्त्रीय दृष्टीने वयाचा अभ्यास करणाऱ्या बर्निस नॉयगार्टन यांनी १९६०च्या दशकात यालाच 'सामाजिक घड्याळ' म्हटले होते: प्रत्येक समाजात कोणती गोष्ट कोणत्या वयात व्हायला हवी याची एक अलिखित वेळ असते आणि माणूस आपण वेळेवर आहोत की मागे पडलो, हे सतत त्या घड्याळात पाहत असतो. मराठीत गद्धेपंचविशी असा एक शब्द आहे. त्यात टिंगल आहे तशीच मोकळीकही आहे, की या वयात गाढवपणा करायचाच. आजच्या पंचविशीतल्या कोणाला ही मोकळीक आपल्याला आहे असे वाटत असेल, तर मला त्याचे कौतुक वाटेल. सत्ताविसाव्या वर्षी "माझे वय होत चालले" असे म्हणणारी मुले हास्यास्पद नाहीत. घड्याळ तेच राहिले आहे, पण शिक्षण लांबले, नोकऱ्या अस्थिर झाल्या आणि घरे आवाक्याबाहेर गेली, त्यामुळे ते पाळणे कठीण झाले आहे. शिवाय इतरांनी काय काय वेळेवर केले, याची खबर आता दिवसभर हातातल्या पडद्यावर येत असते. या पिढीइतके आपल्याच चेहऱ्याचे इतके फोटो यापूर्वी कोणत्याही पिढीने पाहिलेले नाहीत, आणि स्त्रियांच्या दिसण्याला वयाची फूटपट्टी पुरुषांपेक्षा लवकर आणि जास्त कठोरपणे लावली जाते, या दोन्ही गोष्टी त्या "शी!"मध्ये होत्याच.

मधल्या वयाविषयी 'मध्यवयातील संकट' ही कल्पना सर्वांना ठाऊक आहे. तो शब्दप्रयोग एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाने १९६५ साली लिहिलेल्या एका निबंधातून रूढ झाला. तेव्हा तो स्वतः अठ्ठेचाळिशीच्या आसपास होता, आणि त्यानंतर तो जवळजवळ चाळीस वर्षे जगला. पुढे अमेरिकेत झालेल्या मोठ्या पाहण्यांत आपल्याला असे संकट आले होते असे सुमारे एक चतुर्थांश लोकांनीच सांगितले, आणि त्यांतील अनेकांनी त्याचे कारण म्हणून घटस्फोट, नोकरी जाणे, जवळच्यांचे आजारपण असे प्रसंग सांगितले, जे कोणत्याही वयात येऊ शकतात. दुसरीकडे डेव्हिड ब्लांचफ्लावर आणि अँड्र्यू ऑस्वाल्ड या अर्थतज्ज्ञांनी अनेक देशांतील आकडेवारीवरून दाखवले की, आयुष्यातील समाधानाचा आलेख तारुण्यापासून उतरत जाऊन चाळिशीच्या उत्तरार्धात तळ गाठतो आणि नंतर पुन्हा चढतो. हा निष्कर्ष फार गाजला, पण तो अंतिम समजू नये. उतार किती खोल आहे, त्याच माणसांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतल्यावर तो तसाच दिसतो का, यावर तज्ज्ञांत वाद आहे; आणि अलीकडे काही देशांत तरुणांचेच समाधान इतके घसरले आहे की आलेखाची डावी बाजूच खचली आहे. एका काळातल्या तरुणांचे मोजमाप दुसऱ्या काळातल्या तरुणांना लागू पडत नाही, हा मघाचाच मुद्दा येथे पुन्हा भेटतो.

मला स्वतःला या वयाचा खरा विशेष वेगळा वाटतो. चाळिशी-पन्नाशीच्या माणसासमोर एकाच वेळी दोन म्हातारपणे असतात, एक आईवडिलांचे आणि एक स्वतःचे. ताईने त्या फोटोत आई ओळखली ती यामुळेच. या वयात माणूस आईवडिलांना जिना चढताना कठड्याचा आधार घेताना पाहतो, तीच गोष्ट त्यांनी तिसऱ्यांदा सांगितल्यावर पहिल्यांदाच ऐकतो असे दाखवतो, त्यांच्या औषधांचे डबे आठवड्याच्या वारांप्रमाणे भरतो, आणि हे करता करता आपल्या पुढच्या पंचवीस वर्षांची रंगीत तालीम पाहत असतो. म्हणून या पिढीची भीती तरुणांहून वेगळी असते. तिला चेहऱ्याची चिंता कमी आणि विस्मरणाची, अंथरुणाला खिळण्याची, कोणावर तरी भार होण्याची चिंता जास्त असते. ही भीती अनाठायी नाही, पण ती प्रमाणाबाहेर असते. प्यूच्या त्याच पाहणीत १८ ते ६४ वयोगटातील ५७ टक्के लोकांना म्हातारपणी आपली स्मृती कमी होईल असे वाटत होते, तर ६५ पुढील लोकांपैकी सुमारे २५ टक्के लोकांनी तसा अनुभव येत असल्याचे सांगितले. आजारपण, एकटेपणा अशा इतर बाबतींतही लांबून दिसणारे म्हातारपण जवळच्यापेक्षा काळे होते.

मग प्रत्यक्ष म्हातारपणात काय वाटते? येथे संशोधकांनाही सुरुवातीला आश्चर्य वाटले होते. शरीर कुरकुरते, समवयस्क एकेक करून जातात, उत्पन्न आणि मान कमी होतो. म्हणजे माणूस जास्त दुःखी व्हायला हवा. पण अनेक अभ्यासांत साठी-सत्तरीतले लोक तरुणांपेक्षा कमी चिडणारे, कमी काळजी करणारे आणि दैनंदिन जीवनात जास्त शांत आढळतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॉरा कार्स्टन्सन यांनी याचा जो उलगडा केला आहे तो मला पटतो. त्यांच्या मते निर्णायक गोष्ट मागे गेलेली वर्षे नसून पुढे उरलेला काळ ही असते. पुढे अमर्याद काळ आहे असे वाटत असताना माणूस नव्या ओळखी, नवे ज्ञान, भविष्यात उपयोगी पडेल असे सगळे गोळा करतो आणि त्यासाठी आजचा त्रास सोसतो. काळ थोडा उरला आहे असे वाटू लागले की तो निवड करतो: मोजकी माणसे, आवडीची कामे, फुकटच्या भांडणांना रजा. हे वयामुळे नसून उरलेल्या काळाच्या जाणिवेमुळे होते, याचा पुरावा तरुणांत मिळाला. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनच्या ताब्यात जाण्याची तारीख जवळ आली, तेव्हा तेथील तरुणही नव्या ओळखींपेक्षा जवळच्या माणसांबरोबर वेळ घालवणे पसंत करू लागले, आणि तो प्रसंग पार पडल्यावर त्यांची पसंती पुन्हा पूर्ववत झाली. एक युग संपते आहे, ही भावना त्यांना काही काळ म्हाताऱ्यांच्या जागी घेऊन गेली होती.

मृत्यूच्या भीतीचेही असेच आहे. ती म्हाताऱ्यांत सर्वाधिक असेल असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ती तरुण आणि मध्यमवयीनांपेक्षा साधारणपणे कमी आढळते. मरणापेक्षा मरणाआधीच्या परावलंबनाची धास्ती वृद्धांना जास्त असते. "चालते-फिरते असतानाच जावे" हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलेले असते की त्यातला हिशेब आपल्या लक्षात येत नाही.

येथे थोडे सावध राहायला हवे, नाहीतर म्हातारपणाची जाहिरात केल्यासारखे होईल. समाधानाचा हा काळ शेवटपर्यंत टिकत नाही; मृत्यूआधीच्या साधारण तीन ते पाच वर्षांत, प्रकृती ढासळत जाते तसे अनेकांचे समाधानही झपाट्याने घटते. पाहणीत उत्तरे देणारे वृद्ध हे मुळात तग धरून राहिलेले, बोलू शकणारे लोक असतात. आणि पैसा, घर, औषधोपचार, सोबत यांवर सत्तरी कशी जाईल, हे मनोवृत्तीपेक्षा कितीतरी जास्त अवलंबून असते.

आता मघाशी बाजूला ठेवलेले दुसरे कारण. रेघ पुढे ढकलण्यामागे दीर्घायुष्य आहे, तशीच पलीकडच्या बाजूला जाण्याची नाराजीही आहे, कारण पलीकडची बाजू बदनाम आहे. १९६९ साली अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनजवळच्या एका सुस्थित वस्तीत वृद्धांसाठी घरे उभारण्याला रहिवाशांनी कडाडून विरोध केला. त्यावर एका तरुण वार्ताहराशी बोलताना रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञाने वंशभेद, लिंगभेद या शब्दांच्या धर्तीवर वयभेदासाठी नवा इंग्रजी शब्द घडवला. बटलर तेव्हा ४२ वर्षांचे होते. या भेदभावाचे वैशिष्ट्य असे की, पुरेसे जगला तर प्रत्येक माणूस त्याचे लक्ष्य होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगातील दर दोन माणसांपैकी एकाच्या मनात वृद्धांविषयी असे पूर्वग्रह आहेत. त्याच अहवालात युरोपात वयावरून अन्याय झाल्याची तक्रार वृद्धांपेक्षा तरुणच जास्त करतात असेही नोंदवले आहे, म्हणजे काठी दोन्ही टोकांनी लागते.

हे पूर्वग्रह आपण बालपणीच, चार-पाच वर्षांचे असताना उचलायला लागतो. त्या वेळी ते दुसऱ्या कोणाबद्दल असतात, म्हणून तपासून घेण्याची गरज भासत नाही. पुढे पन्नास-साठ वर्षांनी तेच स्वतःला लागू होतात. पंचविशीचा मुलगा किल्ली विसरला तर म्हणतो, "लक्षच नव्हते." तीच किल्ली त्याचे आजोबा विसरले तर सगळे घर म्हणते, "आता वय झाले," आणि हळूहळू आजोबाही तेच म्हणू लागतात. घटना एकच, तिचे कारण मात्र वय पाहून ठरवले जाते. येल विद्यापीठातील बेका लेव्ही यांनी ओहायोमधील एका लहान गावातील पन्नाशीपुढच्या ६६० लोकांची माहिती तपासली. स्वतःच्या वय वाढण्याकडे जे लोक बऱ्या नजरेने पाहत होते, ते इतरांपेक्षा सरासरीने साडेसात वर्षे जास्त जगले, असे त्यांना २००२ साली आढळले. सुरुवातीची प्रकृती, उत्पन्न, एकटेपणा यांचा हिशेब धरूनही हा फरक उरला होता. तरीही यावरून चांगला विचार केला की आयुष्य वाढते असा मंत्र कोणी काढू नये. जी माणसे आतून निरोगी असतात त्यांना वयाविषयी बरे वाटणे सोपे जाते, ही शक्यता पूर्णपणे पुसता येत नाही. या क्षेत्रात आकर्षक निष्कर्षांनी पूर्वी फसवलेही आहे. म्हातारपणाशी संबंधित शब्द वाचलेले तरुण विद्यार्थी चक्क हळू चालू लागतात, असे सांगणारा १९९६ चा प्रयोग अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत मिरवला. २०१२ साली काटेकोर पद्धतीने तो पुन्हा केला गेला तेव्हा तसे काही आढळले नाही.

पूर्वग्रहाचे एक गोड रूपही असते. "तुम्ही वयाच्या मानाने कितीतरी तरुण दिसता" हे वाक्य आपण कौतुक म्हणून बोलतो, आणि ऐकणाराही सुखावतो. त्यात गृहीत धरलेले असते ते असे की, वयाइतके दिसणे ही लाजेची गोष्ट आहे. ऐंशीव्या वर्षी शर्यतीत धावणाऱ्या आजींच्या बातम्यांतही मला हाच सूर ऐकू येतो. त्या आजींबद्दल आदरच आहे, पण गुडघे धरून बसलेल्या आजींनी काही चूक केली, असे त्या बातमीच्या आडून सुचवले जाते.

त्या संध्याकाळी भाचीने ॲप उलटे चालवून पाहिले आणि आईचा चेहरा पंचविशीतला केला. आईने फोन हातात घेतला, मान तिरकी केली आणि परत दिला. "ही मी नव्हे," ती म्हणाली, "माझे नाक असे नव्हते." मग पदर नीट करत ती उठली. बाहेर निघालीस का, असे ताईने विचारले, तेव्हा तिने पलीकडच्या गल्लीतल्या मैत्रिणीचे नाव घेतले, जी तिच्याहून दोन वर्षांनी लहान आहे, आणि चपला शोधता शोधता म्हणाली, "जाऊन येते जरा. म्हातारी माणसे एकटी असतात गं, कोणी तरी जाऊन बसायला हवे."